उताराचं डिझेल

मी ट्रकचालकांचे सुरक्षा वर्ग घेतो. घाटात गाडी कशी उतरवायची, असं विचारलं की सगळे एका सुरात सांगतात, ज्या गिअरात चढवली असती त्याच गिअरात. उत्तर अगदी बरोबर. मग हीच माणसं रस्त्यावर वेगळं का वागतात, हे मला केबिनमध्ये बसून बघायचं होतं. कराडचे एक जुने चालक मुंबईला माल घेऊन निघाले होते. सगळे त्यांना मामा म्हणतात. मी त्यांच्या शेजारी बसलो.

खेड शिवापूरचा टोलनाका मागे पडला, नवा कात्रज बोगदा संपला आणि नवले पुलाकडे जाणारा लांबलचक उतार लागला. मामांचा डावा हात गिअरच्या दांड्यावर गेला, गाडी न्यूट्रल झाली. इंजिनाचा आवाज खाली बसला आणि भरलेली गाडी आपल्याच वजनाने धावू लागली. आता सगळा भार ब्रेकवर. मामांचा पाय पुन्हा पुन्हा पडत होता, सुटताना हवा फुस्स करत होती. थोड्या वेळाने तापलेल्या लायनरचा वास केबिनमध्ये आला. नोव्हेंबर 2022 मध्ये मोठा साखळी अपघात झाला तो ह्याच उतारावर.

"मामा, गिअर टाका ना."

"टाकतो की सर. पण अ‍ॅव्हरेज कमी आलं तर पैसे माझ्याच पगारातून जातात."

मालक ट्रिपचं डिझेल ठरवून देतो. जास्त लागलं तर कापतो, वाचलं तर ते चालकाचं. मामांच्या हिशेबात उतार म्हणजे कमाई. पण त्यांची गाडी बीएस-6 होती. अशा इंजिनात गिअर ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की डिझेलचा पुरवठा थांबतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. मी हे सांगितल्यावर मामा बराच वेळ गप्प होते. "उस्तादानं असंच शिकवलं होतं," एवढंच म्हणाले. त्यातून इतकी वर्षं काही झालं नाही. सुखरूप उतरलेला प्रत्येक उतार धोका आणखी लहान करून दाखवतो, आणि ही सवय मला बेदरकारपणाहून जास्त घातक वाटते.

एक्स्प्रेस वेवर मात्र मामांनी डावी लेन सोडली नाही. कॅमेऱ्याचा दंडही त्यांच्याच पगारातून जातो. म्हणजे दोन्हीकडे निर्णय घेतो तो हिशेबच. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला कामाचे आठ तास लिहिले होते. मामा आदल्या रात्रीपासून जागे होते, कारण माल वेळेवर पोचला नाही तर भाड्यातून कपात होते.

कळंबोलीत चहा घेताना मामा म्हणाले, "सर, वर्गात एकदा मालकालाही बसवा."

पुढच्या वर्गाला मी मालकांना बोलावलं. एक आले, सोबत हिशेब बघणारा मुनीमही होता. घाटाच्या मार्गावर ट्रिपचं डिझेल किती धरायचं आणि कपात कुठे बंद करायची, यावर त्या दिवशी चालक आणि मुनीम समोरासमोर बसून बोलले.