शिवी गाळायची, गाऱ्हाणं ठेवायचं



मुधोळचं नाव निघालं की लोक शेजारच्या बासरच्या सरस्वतीबद्दल बोलतात. मला आठवते ती आमच्या शाखेच्या दारालगतची लाकडी तक्रार-सूचना पेटी.

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. रिझर्व्ह बँकेने १९९० मध्ये ग्राहकसेवेसाठी गोईपोरिया समिती नेमली होती, त्यामुळे वरून विचारणा व्हायची, "पेटी लावली का?" ती उघडता का, हे कुणी विचारत नसे.

मुधोळात आणखी एक अडचण, भाषेची. निजामाच्या काळात कारभार उर्दूत, पुढे आंध्र प्रदेशात तेलुगूत, आणि कितीतरी घरांत बोलणं मराठी. पेटीतून तिन्ही लिप्यांतल्या चिठ्ठ्या निघायच्या. काउंटरवरच्या फॉर्मवर मात्र इंग्रजी, हिंदी, तेलुगू. मराठी नाही.

आम्ही चार साधे नियम केले. दर सोमवारी दोघांनी मिळून पेटी उघडायची. प्रत्येक चिठ्ठी रजिस्टरला चढवायची. नाव-पत्ता असेल तर त्याच माणसाच्या भाषेत उत्तर द्यायचं. आणि चिठ्ठीत शिव्या असतील तर त्या गाळायच्या, पण गाऱ्हाणं ठेवायचं.

हा शेवटचा नियम सगळ्यांना पटला नाही. एकदा एकाने कॅशियरला जातीवरून वाईट शब्द लिहिले होते. कॅशियर म्हणाले, "साहेब, फाडून टाका ही." त्यांचं दुखणं खरंच होतं. तो शब्द आम्ही रजिस्टरला येऊ दिला नाही. पण खालच्या ओळीत लिहिलं होतं की दुपारी रांग तासभर हलत नाही. ते खोटं नव्हतं. रांगेची नोंद झाली आणि दुसरा काउंटर सुरू झाला. त्याचा आराम सगळ्यात जास्त कॅशियरलाच झाला.

दुसरी चिठ्ठी निनावी, मोडक्या मराठीत. बाहेर बसणारा एक जण पैसे काढायचा फॉर्म भरून द्यायला दोन रुपये घेतो, कारण आम्हाला तो वाचता येत नाही. निनावी म्हणून ती बाजूला टाकता आली असती. नाव का नाही, हे उघड होतं. पीककर्ज याच बँकेकडून घ्यायचं, मग वाकड्यात कोण शिरणार? आम्ही मराठीत भरलेला नमुना फॉर्म भिंतीवर चिकटवला आणि बाजाराच्या दिवशी एक कर्मचारी फॉर्म भरून द्यायला बसवला. तो धंदा बंद पडला.

पुढे १९९५ मध्ये बँकिंग लोकपाल योजना आली. १२ नोव्हेंबर २०२१ ला एकात्मिक लोकपाल योजना सुरू झाली, तेव्हा चंदीगडला एक केंद्र उभं राहिलं, जिथे टपालाने किंवा ईमेलने कुठल्याही भाषेत तक्रार घेतात असं जाहीर झालं. मला फार बरं वाटलं. म्हणजे सीमेवरच्या मराठी माणसालाही दुभाष्या लागणार नाही. आधी बँकेकडे लेखी द्या, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर लोकपालाकडे जा. फी नाही. पण तिथे नाव-पत्ता द्यावा लागतो.

म्हणूनच गावातली पेटी हवी. ज्याला नाव द्यायची भीती वाटते, त्याला दुसरी जागा नाही. तुमच्या सोसायटीत, देवस्थानात, शाळेत पेटी असेल तर एवढंच बघा: तिची किल्ली कुणाकडे आहे आणि ती शेवटची कधी उघडली?