खालिदला शिव्या घालण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ला फातोर्ड्यात सिंगापूरने आपल्याला २-१ हरवलं आणि २०२७च्या आशिया कपची वाट बंद झाली. त्या रात्रीच आमच्या ग्रुपवर सुरू झालं, "खालिदला हाकला." पुढच्या महिन्यात ढाक्यात बांगलादेशनेही १-० हरवलं, मग तर विचारूच नका.

टीका व्हायलाच हवी. कोच म्हटलं की पराभव त्याच्या खात्यावर जाणारच. पण खालिद जमील त्या खुर्चीपर्यंत कसा पोचला, हे निदान मुंबईकरांना तरी माहीत असावं.

जन्म १९७७चा, कुवेतचा. आखाती युद्धानंतर कुटुंब भारतात आलं. क्लब फुटबॉल मुंबईत खेळला: महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, शेवटी मुंबई एफसी. मिडफिल्डर. भारताकडूनही खेळला, पण दुखापतींनी पिच्छा सोडला नाही. २००९मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी, बूट काढले आणि त्याच मुंबई एफसीचा कोच झाला.

तिथे सात वर्षं. बजेट बेताचं, मोठी नावं नाहीत. ट्रॉफीही नाही. मी कूपरेजला बसून त्यातले बरेच सामने पाहिलेत. खरं सांगतो, डोळ्यांचं पारणं वगैरे काही फिटायचं नाही. मागे गच्च बचाव, एक गोल मिळाला की तो जिवापाड जपायचा. आम्ही जांभया देत एक पॉइंट घेऊन घरी जायचो. पण त्या सात वर्षांत टीम एकदाही खालच्या डिव्हिजनला गेली नाही.

२०१६मध्ये तो आणि क्लब वेगळे झाले. आणि पुढच्याच मोसमात काय झालं बघा. मुंबई एफसी तळाला जाऊन रेलिगेट झाली. खालिदने त्याच मोसमात आय-लीग जिंकली, तीही मिझोरामच्या ऐझॉल एफसीला घेऊन! आदल्या वर्षी रेलिगेट झालेला हा क्लब, गोव्याचे क्लब लीगमधून बाहेर पडले म्हणून परत घेतलेला. ईशान्येकडच्या क्लबचं हे पहिलंच विजेतेपद. जयेश राणे, आशुतोष मेहता ही मुंबई एफसीतली पोरंही त्या टीममध्ये होती.

एवढं करूनही आयएसएलचं दार उघडायला काही वर्षं लागली. जानेवारी २०२१मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने मोसमाच्या मध्येच परदेशी कोच काढला, तेव्हा 'तात्पुरता' म्हणून खालिद. लीगचे उरलेले सामने न हरता त्याने टीम सेमीफायनलला नेली. मग कुठे ऑक्टोबरमध्ये कायमचं पद. २०१४पासून चालू असलेल्या लीगमधला हा पहिला कायमस्वरूपी भारतीय कोच. जमशेदपूरनेही त्याला बोलावलं ते मोसम अर्धवट असतानाच.

म्हणजे घर गळायला लागलं की आपला माणूस आठवतो. ऑगस्ट २०२५मध्ये भारताची टीम त्याच्या हातात आली तेव्हाही तेच. सॅव्हिओ मदेरानंतर १३ वर्षांनी भारतीय कोच, आणि तेव्हाच आयएसएलचा नवा मोसम लटकलेला. तरी महिन्याभरात सीएएफए नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर आणला. मग सिंगापूर, मग ढाका. ते पराभव त्याचेच आहेत, लपवायचं कारण नाही.

मला काळजी वेगळीच आहे. तो ज्या तीन टीममधून खेळला, त्यांचं काय झालं? महिंद्रा युनायटेड २०१०मध्ये बंद. एअर इंडियाला २०१३मध्ये लायसन्सच्या अटींवरून आय-लीगमधून काढलं. मुंबई एफसी रेलिगेट झाल्यावर गुंडाळली. ज्या शिडीने हा माणूस वर गेला, तिची एकही पायरी जागेवर नाही. आता त्याच्यासारखा एखादा, दुखापतींनी खेळणं सुटलेला, ३२ वर्षांचा पोरगा मुंबईत कोच व्हायला गेला, तर त्याला ट्रॉफीशिवाय सात वर्षं शिकू देणारा क्लब कुठला?

मुंबईत आयएसएलची टीम आहे, ठीक आहे. पण एका टीमवर शहराचं फुटबॉल उभं राहत नाही. खाली कंपन्यांच्या, बँकांच्या, मोहल्ल्यांच्या टीम लागतात. पोराला निदान नोकरीची आशा आणि रविवारची मॅच लागते.

खालिद राहील किंवा जाईल, ते फेडरेशन बघून घेईल. तुम्ही खाली एवढंच लिहा: तुमच्या भागातली कुठली टीम अजून चालू आहे, कुठली बंद पडली, आणि तिचं मैदान आता कोणाच्या ताब्यात आहे?