कारभारीण

तिचं तोंड मसुराच्या डाळीएवढं. चावली तरी रक्त निघायचं नाही. पण काच पुसायला टाकीत हात घातला की ती थेट मनगटावर येऊन आदळायची, मागे सरायची, पुन्हा यायची. हात बाहेर निघेपर्यंत तिला दम नसायचा. लांबी जेमतेम तीन इंच. झेंडूसारखा केशरी रंग, अंगावर तीन पांढरे पट्टे, पट्ट्यांना काजळाची बारीक कड. आमच्या सोनपेठच्या घरी गोठ्यात म्हैस होती, माळवदावर मांजरं होती, पण घरच्या माणसाला घरातच चावण्याचा हक्क फक्त तिचा. आजीने तिचं नाव कारभारीण ठेवलं होतं.

सोनपेठहून समुद्र गाठायचा तर रस्त्याने साडेचारशे किलोमीटरहून जास्त पडतं. गावाजवळ वाण नदी, तालुक्याच्या अंगावरून गोदावरी जाते. आमच्याकडे तिला गंगाच म्हणतात. त्यापलीकडचं पाणी आजीने पाहिलेलं नव्हतं. दादा मुंबईत एसी दुरुस्तीची कामं करायचा. मोठ्या घरांतल्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या थंड ठेवणारी यंत्रं दुरुस्त करता करता त्याला माशांचा नाद लागला. 2010 मध्ये तो बाबांच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसायला कायमचा परत आला, तेव्हा सामानात तीन फुटी काचेची टाकी होती. मासे मात्र नव्हते. "आधी समुद्र तयार करावा लागतो," तो म्हणाला.

समुद्र तयार व्हायला सव्वा महिना लागला. आमच्या बोअरचं पाणी जड, म्हणून आरओचं घेतलं. लिटरला 35 ग्रॅम या हिशेबाने दीडशे लिटरला पाच किलोच्या वर मीठ पडलं. तेही स्वयंपाकाचं नव्हे, मॅग्नेशियम-कॅल्शियमसकट समुद्रात असतं तसं सगळं असलेलं. मग ती टाकी नुसतीच चालू. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो आणि तो मासा मारतो. तो अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करून टाकणारे जिवाणू दगड-वाळूत रुजावे लागतात, असं दादा सांगत होता. आजीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी इरजण लागू द्यायचं." त्याहून सोपं करून मला आजवर कुणाला सांगता आलेलं नाही.

पाणी उडतं, मीठ उडत नाही, हेही तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. रोज कमी झालेलं पाणी भरायचं ते गोडंच भरायचं. मीठ मोजायची काचेची नळी घरात होती, तरी आजी बोट बुडवून जिभेला लावायची आणि "आज खारट झालंय" म्हणायची. नळी बहुतेक वेळा तिच्याच बाजूने असायची.

मग दादा पुन्हा मुंबईला गेला. क्रॉफर्ड मार्केटातून दोन पिल्लं प्राणवायू भरलेल्या पिशवीत घेतली आणि थर्माकोलचा डबा मांडीवर धरून देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर बसून परभणीला उतरला. तिथून एसटीने गाव. दुकानात या माशाला सगळे 'निमो' म्हणत होते, 2003 च्या त्या कार्टूनपटापासून. आमच्या गल्लीतली पोरंही तेच म्हणत आली. मोठी माणसं विचारायची, "खायला लागतात का हो हे?"

दोघं आले तेव्हा सारखेच, इंचभराचे. या जातीत सगळी पिल्लं नर म्हणूनच वाढतात. जोडीतला जो अंगाने आणि स्वभावाने वरचढ ठरतो तो मादी होतो, दुसरा नर राहतो. पहिल्या महिन्यात भांडणं झाली. शेवटी एकाने दुसऱ्यासमोर अंग तिरपं करून थरथरायला सुरुवात केली, थंडी वाजून हुडहुडी भरावी तसं. ती शरणागती. त्यानंतर भांडण नाही. वरचढ झाला तो वाढत गेला आणि कारभारीण झाला. थरथरणारा बारीकच राहिला, तो कारभारी. काचेला कान लावला की कधी कधी टकटक ऐकू यायची. हे मासे दात आपटून आवाज काढतात. आवाज बहुधा कारभारणीचा असायचा आणि थरथर कारभाऱ्याची.

समुद्रात हा मासा समुद्रफुलात राहतो. त्या फुलाच्या बोटांना डंख असतो, पण याच्या अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे त्याला तो लागत नाही. समुद्रफूल जगवायला तेज दिवे लागतात, आणि तेव्हा आमच्याकडे भारनियमन असं की साधा बल्ब लागला तरी आनंद. त्यामुळे फूल आणलंच नाही. पण फुलाची ओढ त्यांच्या अंगातच होती. आधी दोघं पंपाच्या तोंडावरच्या स्पंजाला अंग घासत राहिले. मग एका शंखामागे लागले. शंखातला गोगलगाईसारखा जीव काचेवरून हळूहळू सरकायचा आणि हे दोघे आपलं घर चालू लागलंय म्हणून त्याच्यामागे दिवसभर.

संक्रांतीला आजीने एक कोरं सुगड बाजूला काढून ठेवलं. रंग नाही, चुना नाही, नुसतं भाजलेलं. "त्यांनाबी वाण पायजे की," एवढंच तिचं कारण. दादाने ते आठ दिवस पाण्यात मुरवलं आणि टाकीत आडवं ठेवलं. मासे पाळणारे अंडी घालायला मातीची कुंडी देतात हे त्याला माहीत होतं. आजीला माहीत असायचं कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कारभारीण सुगडात होती. नुसती बसलेली नाही, तर शेपटी जोरजोरात हलवून आतली वाळू बाहेर उडवत होती. सडा-सारवणाला लागलेल्या बाईला मध्ये काही विचारलेलं चालत नाही, तसा कारभारी बिचारा दाराबाहेर उभा.

त्या दिवसापासून वाळूचा पसारा हा रोजचा कार्यक्रम झाला. आम्ही वाळू सपाट करावी, तिने रात्रीत खड्डा करावा. एखादा खडा जड असला तर तोंडात धरून ओढायची, दमायची, पुन्हा यायची. झोपायचीसुद्धा सुगडाच्या तोंडाशी, एका कुशीवर कलून, जागच्या जागी शेपूट हलवत. रात्री पाण्याला उठलेला पाहुणा हमखास हाक मारायचा, "अहो, तुमचा मासा मेला!" तिला असं कलून पाहिलं की माझ्याही काळजात दर वेळी क्षणभर लक्क व्हायचं.

टाकीत तिसरा जीव एक तपकिरी ब्लेनी मासा होता. हा पोहायचा कमी, बसायचा जास्त. पुढच्या पंखांवर रेलून दगडावर बसायचा आणि दोन डोळे दोन दिशांना फिरवायचा. एक माझ्याकडे, एक कारभारणीकडे. काचेवरचं शेवाळ ओठांनी खरवडायचा, त्याच्या चुंबनांचे गोल गोल ठसे काचभर उमटायचे. पाहुणे येणार म्हटलं की आई ते ठसे पुसायला लावायची. मी काच लख्ख ठेवत गेले. तो वाळत गेला. शेवाळ हेच त्याचं मुख्य अन्न आणि तेच मी पुसून टाकत होते, हे मला कळलं तेव्हा त्याचं पोट आत गेलेलं होतं. वेगळं खायला दिलं, त्याने तोंड लावलं नाही. आजही आमच्या टाकीची मागची काच मी पुसत नाही.

पहिली अंडी 2012 च्या पावसाळ्यात. आधी दोन दिवस कारभारी सुगडाची आतली बाजू तोंडाने घासत होता, एरवी ज्याला आत पाऊल ठेवायची परवानगी नव्हती तो. मग संध्याकाळी कारभारणीने पोट टेकवत टेकवत केशरी दाण्यांची ओळ मांडली, वर दुसरी, तिसरी. आणि ती बाहेर आली ती पुन्हा फारशी फिरकली नाही. पुढचं सगळं कारभाऱ्याचं. पंखांनी वारा घालायचा, एकेक अंडं तोंडाने साफ करायचं, खराब झालेलं खाऊन टाकायचं. आजीने गल्लीतल्या बायकांना बोलावून दाखवलं. "बाळंतीन फिरू लाली अन् बाप बाज सांभाळू लालाय," ती सांगायची आणि बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

चौथ्या दिवशी डीपी जळाली. आमच्याकडे डीपी जळाली की दोन दिवसही जातात, आठही. इन्व्हर्टर पहाटेपर्यंत पुरला. पंप बंद पडला की पाण्यातला प्राणवायू संपत जातो, म्हणून लोट्याने पाणी उचलून उंचावरून टाकीतच ओतायचं. आईने पहाटे ओतलं, बाबांनी सकाळी, मी शाळा बुडवून दुपारी. आजी खुर्ची घेऊन बसली आणि अर्धा लोटा, अर्धा लोटा करत राहिली. कारभारी त्या सगळ्या वेळात अंड्यांपासून हलला नाही. पाणी वरून पडलं की सुगडात भोवरा यायचा, हा ढकलला जायचा आणि परत जागेवर येऊन वारा घालायचा. दुसऱ्या रात्री बाबांनी ट्रॅक्टरची बॅटरी आणून पंपाला जोडली.

अंडी जगली. केशरी होती ती चंदेरी झाली, प्रत्येकात दोन डोळे दिसायला लागले. आठव्या रात्री दिवा मालवल्यावर ती फुटली. विजेरीच्या उजेडात सुतळीच्या तुसाएवढी पिल्लं पाण्यात चमकत होती. सकाळी एकही नव्हतं. इतक्या बारीक तोंडांना लागणारं जिवंत खाद्य आमच्याकडे नव्हतं, आणि मोठ्यांनाही आपली पिल्लं ओळखू येत नाहीत. त्यानंतर कितीदा तरी अंडी झाली. आजी दर वेळी आठव्या रात्री दिवा लवकर मालवायला सांगायची.

2015 च्या दिवाळीत दादाने आजीला मुंबई दाखवली. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय त्याच वर्षी नवं रूप घेऊन पुन्हा उघडलं होतं. मूळचं ते 1951 सालचं, देणगी देणाऱ्या डी. बी. तारापोरवाला यांच्या नावाचं. आत मोठमोठे मासे होते, पण आजी केशरी माशांच्या काचेपाशी थांबली आणि तिने कौतुक नाही, चौकशी केली: यांच्यात सुगड का नाही? बाहेर आल्यावर दादाने तिला समुद्राच्या पाण्याजवळ नेलं. तिने बोट बुडवून जिभेला लावलं. "आपल्यासारखंच हाय," ती म्हणाली, आणि परतीच्या गाडीत ते तिने तीनदा सांगितलं.

पुढचा उन्हाळा 2016 चा. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते सगळ्या देशाने पाहिलं. आमच्याकडेही टँकर, हंडे, रांगा. माणसांना पाणी नाही आणि तुमच्या घरात मासे, असं बोलणारे चुकीचं बोलत नव्हते. दादाने पाणी बदलणं थांबवलं. उडालेलं तेवढंच, दिवसाला दोन-अडीच लिटर भरायचं. आरओतून वाया जाणारं पाणी भांड्यांना वापरलं, आणि आई माशांच्या नावाने आपल्या अंघोळीचा एक तांब्या कमी करायची. खाऱ्या पाण्याचा तर झाडालाही उपयोग नाही. मला तेव्हा रांगेत उभं राहताना लाज वाटायची आणि घरी आल्यावर कारभारीण काचेशी आली की ती लाज टिकायची नाही. दोन्ही खरं होतं.

आमच्या उन्हाळ्यात पारा 42-43 च्या पुढे जातो, आणि हा मासा 26-27 अंशांचा. चिलर परवडणारा नव्हता. टाकीचं झाकण काढून पाण्यावर पंखा सोडला की हवा कोरडी असल्यामुळे पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, माठासारखंच. शिवाय बर्फाच्या बंद बाटल्या तरंगत ठेवायच्या. याच उघड्या झाकणाने 2018 च्या मे महिन्यात घात केला. रात्री केव्हातरी कारभारीण उडाली असावी. सकाळी ती कूलरमागे फरशीवर सापडली, वाळलेली. झाकण मीच काढलं होतं. दुपारी दादाने टाकीच्या मापाची मच्छरदाणी शिवून आणली आणि पंख्याखाली ताणून बसवली. ती आजही आहे.

कारभारी आठ दिवस सुगडातून बाहेर आला नाही. खाणं समोरून वाहत गेलं तर टिपायचा. मग हळूहळू फिरू लागला. त्या वर्षात तो वाढला. आठ वर्षं जो बारीकच राहिला होता, तो वाढला. दादा म्हणाला, मादी गेली की नराचीच मादी होते; उलटं मात्र कधी होत नाही. मला ते पुस्तकात वाचूनही विचित्र वाटत होतं. आजीला वाटलं नाही. पोथीतला सुद्युम्न राजा वनात शिरला आणि बाई झाला, हे तिने लहानपणापासून ऐकलेलं. "देवाच्या घरी हाय ते समुद्रात नसंल कामून?"

2019 मध्ये दादाने इंचभराचं एक नवं पिल्लू आणलं. ते टाकीत सुटलं मात्र, आमचा कारभारी सुगडातून बाण सुटावा तसा आला. पिल्लाने अंग तिरपं केलं आणि थरथरलं, अगदी नऊ वर्षांपूर्वी याने केलं होतं तसं. काही दिवसांनी मी पुढची काच पुसायला हात घातला. मनगटाला काहीतरी आदळलं. मागे सरलं, पुन्हा आदळलं. ज्याने इतक्या वर्षांत माझ्या हाताला कधी स्पर्श केला नव्हता, तो चावत होता. त्याच जागी, तितक्याच जोराने. मी हात न काढता तसाच ठेवला. आजीला हाक मारली. ती काठी टेकत आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "कारभाऱ्याची कारभारीन झाली गं बाई."

आजी 2021 मध्ये गेली. कुंभारमामा अजून संक्रांतीला आमचं एक कोरं सुगड वेगळं काढून ठेवतात. सुगडांच्या ढिगातून ते उचलतात आणि विचारतात, "हे मासोळीचं ना?" जुन्या सुगडाचा काठ आता फुटलाय, म्हणून यंदा मी नवं मुरवून त्याच्या शेजारी ठेवलं. नव्या कारभारणीने त्याला दोन फेऱ्या मारल्या. मग पाठ करून शेपटी हलवली आणि संध्याकाळपर्यंत ते वाळूने अर्धं भरून टाकलं. रात्री दोघं फुटक्या सुगडाच्या तोंडाशी कलून झोपली होती. नवं मी काढलेलं नाही.