जाणत्याची चिठ्ठी

माफिया खेळात गावात लपलेले माफिया दर रात्री एकाला मारतात आणि दिवसा गाव चर्चा करून एका संशयिताला फासावर चढवते. त्यातील विशेष भूमिकांपैकी डॉक्टर हा खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराला फारसा छळत नाही. रात्री एकाला वाचवायचे एवढेच त्याचे काम असते, आणि नेम बरोबर लागला तर सकाळी कोणीच मेलेले नसल्याचे अवघ्या गावाला दिसते. छळतो तो डिटेक्टिव्ह, म्हणजे दर रात्री एका खेळाडूकडे बोट दाखवून तो माफिया आहे की नाही हे सूत्रधाराकडून खुणेने जाणून घेण्याचा अधिकार असलेला गावकरी. त्याला मिळणारे उत्तर निखालस खरे असते, पण ते पटवायला त्याच्याजवळ स्वतःच्या शब्दाखेरीज काहीही नसते, आणि 'डिटेक्टिव्ह मीच' हा शब्द समोरचा माफियाही तितक्याच छातीठोकपणे उच्चारू शकतो. राजा-राणी-चोर-शिपाई या चिठ्ठ्यांच्या खेळातला शिपाई उघड असतो आणि त्याला काहीच ठाऊक नसते. डिटेक्टिव्ह लपलेला असतो, जाणता असतो, आणि बोलला की त्या रात्रीच मरण्याची तयारी ठेवून असतो.

मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री डेव्हिडॉफ यांनी १९८६च्या सुमारास हा खेळ रचला, तेव्हा त्याच्या गाभ्यात दोनच गट होते: एकमेकांना ओळखणारे थोडे आणि कोणालाच न ओळखणारे पुष्कळ. तिसरा जाणता त्यात आला की पारडे किती कलते, याचे गणित ब्रेव्हरमन, एतेसामी आणि मोसेल या संशोधकांनी २००८ साली मांडले. डिटेक्टिव्ह नसेल तर समतोल राखणारी माफियांची संख्या खेळाडूंच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे गाव चौपट झाले तरी माफिया दुप्पटच पुरतात. डिटेक्टिव्ह असेल तर गावाबरोबर माफियाही चौपट करावे लागतात. हे मोठ्या गावांचे झाले. दिवाणखान्यात सातच जण असतात आणि त्यांत दोन माफिया असतात, तेव्हा दोन्ही बाजू अंदाजाने चालल्या तर पहिल्या रात्री डिटेक्टिव्हचे बोट माफियावर पडण्याची शक्यता तीनांत एक, आणि त्याच रात्री तो स्वतः मारला जाण्याची पाचांत एक. पहिले घडले तर सकाळची चर्चा सुरू होण्याआधीच संपू शकते, दुसरे घडले तर डिटेक्टिव्हची चिठ्ठी वाटली काय आणि न वाटली काय, सारखेच. या दोन टोकांच्या मधला डिटेक्टिव्ह घडवता येतो का, या एका प्रश्नाभोवती प्रस्तुत लेखकाची सूत्रधारकी घुटमळत राहिली.

इतरांनी काढलेल्या वाटा ठाऊक नव्हत्या असे नाही. डॉन एस्क्रिज यांच्या 'अ‍ॅव्हलॉन'मध्ये (२०१२) मर्लिन हा जाणता मॉर्ड्रेड वगळता सर्व दुष्टांना ओळखतो, परंतु सज्जनांनी तीन मोहिमा जिंकल्यानंतरही दुष्टांतील मारेकऱ्याने मर्लिनला अचूक हेरले तर डाव दुष्टांचा होतो. येथे ज्ञानाला धक्का न लावता बोलण्यावर कर बसवलेला आहे, आणि आजवरच्या सर्व उपायांत हाच सर्वांत देखणा आहे. स्टीव्हन मेडवे यांच्या 'ब्लड ऑन द क्लॉकटॉवर'ने उलट ज्ञानच नासवले: त्यात 'मद्यपी' या भूमिकेच्या खेळाडूला आपण कोणी दुसरेच आहोत असे वाटत असते आणि सूत्रधार त्याला खोटी माहिती देऊ शकतो. या युक्तीची वाहवा फार होते, पण जो सूत्रधार कोणाला काय खोटे सांगायचे ते ठरवतो, तो पंच उरत नाही, लेखक होतो. शिवाय त्या खेळात जवळजवळ प्रत्येकाला काही ना काही खास शक्ती मिळते, आणि हल्ली सर्वत्र हीच हाव दिसते. निव्वळ गावकऱ्याची चिठ्ठी आली की लोक नाक मुरडतात. वास्तविक कोणतीही शक्ती नसताना केवळ समोरच्याचा आवाज आणि स्वतःचा तर्क यांवर तगून राहणे हीच या खेळाची कसोटी होती. भूमिकांचे पत्ते जितके वाढतात तितके माणसाकडे पाहणे कमी होते, आणि चर्चेची जागा हिशेब घेतो.

दृष्टी मंदावल्यावर अर्ध्या उजेडातले बोट शेजारी बसलेल्या दोघांपैकी नक्की कोणाकडे आहे हे कळेनासे झाले, आणि मोठ्याने विचारण्याची सोय नसल्यामुळे प्रस्तुत लेखकाने सूत्रे एका शिष्येकडे दिली व स्वतः वर्तुळात बसायला सुरुवात केली. डिटेक्टिव्ह एवढा का खुपत होता, हे त्या जागेवरून स्पष्ट झाले. सर्व काही जाणणारा असा वर्तुळाबाहेर एकच माणूस असतो, आणि डिटेक्टिव्ह हा त्याच्या त्या मिरासदारीत वाटा मागणारा एकमेव खेळाडू. समतोलाची चिंता खरी होती, पण तिच्या आड मत्सरही होता. आता डोळे मिटून बसल्यावर काहीच ठाऊक नसणे सहन होत नाही, आणि ज्या निव्वळ गावकऱ्याची थोरवी वर गायिली त्याची चिठ्ठी हाती आली की प्रस्तुत लेखकाचाही चेहरा पडतो, असे शिष्या सांगते.

तिने केलेला बदल एकच, पण मुळावर येणारा आहे: मेलेल्याची भूमिका ती जाहीर करीत नाही. त्यामुळे डिटेक्टिव्हचा दावा त्याच्या मरणानेही सिद्ध होत नाही, मागे राहिलेला शब्द अखेरपर्यंत संशयितच राहतो, आणि तो मेल्यावरही दर रात्री त्याला हाक मारून, जिवंत असताना थांबत होती तितकेच थांबून ती पुढे जाते. ते थांबणे ती निर्दोष साधते. या पद्धतीवर प्रस्तुत लेखकाने पुष्कळ आक्षेप घेतले: गावाला माहिती कमी पडते, माफियांचे फावते, नवखे खेळाडू कंटाळतात. त्यांत तथ्य असेलही. परंतु पत्ता उलटून 'गावाने आज आपल्याच डिटेक्टिव्हला फासावर चढवले' असे सांगताना वर्तुळातून जो एकच हुंकार उठत असे, तो या पद्धतीत कोणाच्याच वाट्याला येत नाही, ही खरी तक्रार होती.