भरलेली फी आणि न झालेलं नुकसान

‘एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.’ क्लासची पावती असो की जिमचा फॉर्म, हे वाक्य तळाशी बारीक टायपात असतंच. लोक ते कायदा असल्यासारखं वाचतात आणि गप्प बसतात. कायद्याचं म्हणणं मात्र नेमकं उलटं आहे, आणि ते जुनं आहे. भारतीय करार कायदा 1872 चा. करार मोडल्यास किती पैसे द्यायचे हे करारात आधीच लिहून ठेवलं असलं, तरी समोरच्याला मिळते ती वाजवी भरपाई आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा, असं त्याचं कलम 74 सांगतं. 1969 मध्ये मौला बक्ष खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अनामत जप्त करण्यालाही हाच नियम लावला. 2015 च्या कैलाशनाथ असोसिएट्स निकालात तर नुकसानच झालं नसेल तर कलम 74 खाली भरपाई मागता येत नाही, असं स्पष्ट केलं. तेव्हा सेवा मध्येच सोडणाऱ्याचे किती पैसे कापायचे, हे एकाच गोष्टीवरून ठरायला हवं: त्याच्या जाण्याने व्यावसायिकाचं खरोखर किती गेलं?

हे नुकसान धंद्यागणिक बदलतं. सहल कंपनीने विमानाची तिकिटं काढलेली असतात, व्हिसाचं शुल्क भरलेलं असतं, हॉटेलवाल्याला पैसे पोचलेले असतात. निघायची तारीख जवळ येईल तशी अडकलेली रक्कम वाढते. त्यामुळे टप्प्याटप्प्याने वाढणारी कपात तिथे तत्त्वतः योग्यच आहे, वाद असलाच तर आकड्यांचा. क्लासवाले म्हणतात, मुलगा गेला की बॅचमधली जागा वर्षभर रिकामी राहते. यात तथ्य आहे, पण अर्धंच. नुकसान मोजताना ते भरून काढायचे कोणते मार्ग हाताशी होते हेही पाहायचं, असं कलम 73 च्या स्पष्टीकरणातच लिहिलेलं आहे. जूनमध्ये सोडलेल्या मुलाची जागा जुलैत दुसऱ्याला दिली आणि फी दोघांची ठेवून घेतली, तर त्याला भरपाई म्हणता येत नाही. जिमची गोष्ट आणखी वेगळी. सगळे सभासद एकाच संध्याकाळी आले तर दारातही उभं राहता येणार नाही, इतकं सभासदत्व विकता येतं ते बरेचजण येत नाहीत म्हणूनच. न येण्यावर ज्याचं गणित बसलेलं आहे, त्याने एक जण कायमचा गेला म्हणून नुकसानीचा दावा करावा, हे मला कधी पटलेलं नाही.

‘सही तुम्हीच केलीत ना?’ हा यावरचा ठरलेला सवाल. सहीला किंमत असते ती अटींवर बोलणी करता येत असतील तेव्हा. छापील फॉर्मवर बोलणी होत नाहीत. पायोनियर अर्बन लँड प्रकरणात 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिल्डरच्या एकतर्फी अटी ग्राहकावर बंधनकारक नाहीत आणि अशा अटी घालणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं म्हटलं. त्याच वर्षी संमत झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करार’ ही कल्पना पहिल्यांदा आली. नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लावणारी अट तिच्यात नावानिशी आहे. मात्र इथे कायदा करणाऱ्यांनी एक विचित्र गाठ मारून ठेवली आहे. अनुचित कराराची तक्रार ऐकण्याचा अधिकार राज्य आणि राष्ट्रीय ग्राहक आयोगाला दिला, जिल्हा आयोगाला दिलाच नाही. म्हणजे लातूरच्या पालकाला वीस हजारांच्या फीसाठी पावतीवरची अट रद्द करून हवी असेल, तर त्याने थेट राज्य आयोगाकडे जायचं. वाट आहे, पण ती तक्रार लिहिणाऱ्याला ठाऊक हवी. अट रद्द करा अशी मागणी न करता, न दिलेल्या सेवेचे पैसे अडवून ठेवणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे अशी मांडणी केली, की प्रकरण जिल्हा आयोगापुढे चालू शकतं. क्लास म्हणजे शिक्षणसंस्था, तेव्हा ग्राहक कायदा आम्हाला लागू नाही, हा बचावही टिकत नाही. विद्यापीठं-महाविद्यालयांना कायद्याबाहेर ठेवणाऱ्या 2020 च्या निकालातच राष्ट्रीय आयोगाने कोचिंग क्लासना कायद्याच्या आत ठेवलं आहे.

सवलतीचा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. वर्षाचे पैसे एकदम भरणाऱ्याला दर कमी पडतो तो त्याने वर्षभर राहण्याची हमी दिली म्हणून. मग तिसऱ्या महिन्यात तो गेला तर सवलत फुकट का द्यायची? देऊ नये. वापरलेले तीन महिने सुट्या मासिक दराने धरावेत आणि उरलेलं परत करावं. छापील नोट्सचे संच घेऊन पसार होणारे विद्यार्थी असतात, हेही खरं; संचांची किंमत वजा करावी. असा हिशेब किचकट होतो म्हणणाऱ्यांनी विमा व्यवसायाकडे पाहावं. पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. कंपनी तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा हप्ता, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क कापते, बाकीचे पैसे देते. जिथे नियामकाने सांगितलं तिथे हिशेब जमतो.

मग इतका जुना आणि स्पष्ट कायदा हरतो कुठे? माझ्या मते, सगळे पैसे आधीच देऊन बसण्यात. पैसे व्यावसायिकाच्या खात्यात असले की नुकसान सिद्ध करायची घाई त्याला उरत नाही. धावपळ ग्राहकाने करायची. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील लागत नाही, राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा कायद्यातच लिहिली आहे. प्रत्यक्षात तारखा किती पडतात हे आयोगाच्या आवारात जाऊन आलेल्या कुणालाही विचारावं. आठ हजारांसाठी एवढं कोण करेल, हे जिमवाला पक्कं जाणून असतो. याउलट मोबाइलवरच्या वर्गण्या पाहा. तिथेही फसवणूक आहेच, आत घ्यायला एक बटण आणि बाहेर पडायला सात पडदे. 30 नोव्हेंबर 2023 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी या सापळ्याला नाव देऊन मनाई केली. पण ग्राहकाला खरा आधार दिला तो रिझर्व्ह बँकेने: दर वेळी खात्यातून पैसे कापण्याआधी किमान 24 तास सूचना आणि नको असल्यास थांबवायची सोय. पैसे अजून आपल्याकडे असल्यामुळे ‘नको’ म्हणून भागतं.

क्लासच्या बाबतीत हे तत्त्व मांडून झालेलं आहे. 2011 मध्ये राष्ट्रीय आयोगाने प्रवेशपरीक्षेच्या एका मोठ्या क्लासच्या प्रकरणात संपूर्ण अभ्यासक्रमाची फी एकरकमी घेण्यावरच बोट ठेवलं. जानेवारी 2024 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत मध्येच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची फी, वसतिगृह आणि खाणावळीच्या पैशांसह, दहा दिवसांत परत करायला सांगितलं आहे. पण ती राज्यांना केलेली सूचना आहे. तिच्यामागे प्रत्येक राज्याने आपला कायदा उभा करायचा आहे. महाराष्ट्राने तो करताना परताव्याचं कलम लिहून थांबू नये, एका वेळी तीन महिन्यांहून अधिक फी घ्यायलाच मनाई करावी. लहान क्लासचालक म्हणतील की जागेचं डिपॉझिट आणि शिक्षकांचे पगार भागवायला आगाऊ रक्कम लागते. लागत असेल; त्यासाठी बँका आहेत, त्या तारण मागतात आणि व्याज घेतात. पालक यातलं काहीच मागत नाही. जानेवारी 2025 मध्ये उत्तर भारतातल्या एका नामांकित क्लासच्या शाखा सत्राच्या मध्येच बंद पडल्या आणि फी भरून बसलेले पालक पोलिस ठाण्यात गेले. बुडालेल्या संस्थेच्या वसुलीत तारण असलेली बँक रांगेत पुढे असते, पालक विनातारण धनकोंत, शेवटाकडे.