अडगळीचं भाडं

आमची ठाण्यातली सोसायटी पुनर्विकासाला गेली आणि तीसेक वर्षं भरत आलेलं घर रिकामं करायची वेळ आली. नवी इमारत उभी राहीपर्यंत करारानुसार बिल्डर दरमहा भाडं देणार होता, शिवाय सामान हलवायचे एकरकमी पैसे. भाड्याची रक्कम जुन्या घराच्या क्षेत्रफळावर ठरली होती. आपण प्रत्यक्षात कुठे आणि केवढ्या घरात राहतो, याच्याशी बिल्डरला कर्तव्य नव्हतं. लहान घर घेतलं तर उरलेले पैसे आपले, मोठं घेतलं तर वरचे पदरचे. वन बीएचके बघून आल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी, नवरा आणि सासूबाई असे आम्ही तिघं तिथे सहज मावतो. मावत नाही ते सामान. दरमहा जास्तीचं भाडं भरायचं ते माळ्यासाठी, माणसांसाठी नव्हे.

मग माळा उतरवला. पाण्याचा तांब्याचा बंब, पितळेची पिंपं, पाट, मोडकं स्टूल, मिक्सरची रिकामी खोकी, तीन सोऱ्ये, दोन पुरणयंत्रं, कापसाच्या गाद्या. प्रत्येक वस्तू खाली आली की सासूबाई म्हणायच्या, "असू दे गं, लागतं कधीतरी." त्यांचं खोटं नव्हतं, वस्तू लागतच होत्या. लागल्या तेव्हा सापडल्या नव्हत्या, म्हणून नव्या आल्या होत्या. दुसरा सोऱ्या आणि तिसराही तसाच आला. टेस्टर, पक्कड, एक्स्टेंशन बोर्ड, छत्र्या, दिव्यांच्या माळा यांची तीच कथा. २०१८मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यानंतर आम्ही गणपतीला कापडी पडदे आणि कागदी फुलं आणत होतो. माळ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळून, लाकडी घडीचं मखर होतं.

"आई, हे मखर कुणाचं?" मी विचारलं.

"तुझ्या सासऱ्यांनी करून घेतलेलं. मला वाटलं, तुम्हाला नवंच आवडतं."

तेव्हापासून आमच्या घरी प्रश्न बदलला. ठेवायचं की टाकायचं, हे नंतर. आधी, ही वस्तू घरात आहे हे किती जणांना माहीत आहे? एकालाच माहीत असेल तर ती घरात नसल्यात जमा.

भंगारातून पैसे मिळतील अशी आशा होती. मिळाले, पण कुठून मिळाले ते सांगण्यासारखं आहे. रद्दी, प्लॅस्टिक, लोखंडी रॅक यांचे पैसे किरकोळ. तांब्या-पितळेचं तसं नाही. दारावर येणारा सगळं एकत्र घालून एक आकडा सांगतो. आम्ही ती भांडी बाजारात भांड्यांच्या दुकानात नेली. तिथे मोडीचा भाव किलोवर असतो, तांब्याचा वेगळा आणि पितळेचा वेगळा. बंबाच्या आतली लोखंडी जाळी आधी काढून ठेवावी, नाहीतर दुकानदार अंदाजाने वजावट करतो. इन्व्हर्टरची बंद पडलेली बॅटरी गॅलरीत पडून होती. तिच्यात शिसं असतं, त्यामुळे नवी घेताना जुनीची किंमत वजा होते. सासूबाईंच्या दोन जुन्या शालूंची जर खरी चांदीची निघाली. ते विकायला त्यांनी नकार दिला आणि मीही आग्रह धरला नाही. सुती साड्या मात्र गोधड्या शिवणाऱ्या बाईंकडे गेल्या. गाद्यांचा कापूस पिंजून पुन्हा भरून घेतला, तो खर्च नव्या गाद्यांपेक्षा बराच कमी आला.

सगळ्यात जास्त पैसे मात्र कागदांत निघाले. सासऱ्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत विजेच्या जुन्या बिलांखाली मुदत ठेवीची एक पावती होती. मुदत कधीच उलटलेली. ठेव मुदतीनंतर नुसती पडून राहिली, की तिच्यावर बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा मूळ दर, यांपैकी जो कमी तोच मिळतो. दहा वर्षं कुणी दावा केला नाही, तर ती रक्कम बँक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीकडे वर्ग करते. हा निधी २०१४पासून आहे. आमची ठेव तिकडेच गेली होती. पण तिकडे गेली म्हणजे बुडाली असं होत नाही, दावा आपल्या बँकेतूनच करता येतो. पावतीवर नॉमिनी म्हणून सासूबाईंचं नाव होतं, त्यामुळे मृत्यूचा दाखला, त्यांची ओळखपत्रं आणि अर्ज यावर काम झालं. पावतीच हाती नसेल तरी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३मध्ये सुरू केलेल्या 'उद्गम' पोर्टलवर नाव घालून शोध घेता येतो.

त्याच ट्रंकेने आणखी एक शिस्त लावली. मालमत्ता कर, विमा, गाडीचं पीयूसी, मिक्सरचं हमीपत्र यांची आता एकच फाइल आहे आणि तिच्या पहिल्या पानावर तारखा आहेत. मालमत्ता कराच्या थकबाकीवर महिन्याला २ टक्के दंड लागतो, तर वर्षाचा कर सुरुवातीलाच भरला की सवलत मिळते. बिल हरवणं ही इतकी महाग गोष्ट आहे. मिक्सरच्या मोटरची हमी तर बहुधा पूर्ण यंत्राच्या हमीपेक्षा जास्त वर्षं असते. कागद जागेवर असला तरच तिचा उपयोग.

स्वयंपाकघर शेवटी आवरलं आणि रोजची बचत तिथूनच सुरू झाली. मागच्या डब्यांत जाळी धरलेला रवा होता, भुंगा लागलेले मूग होते, आणि पुढच्या डब्यांत तेच जिन्नस नव्याने भरलेले. सासूबाईंच्या तरुणपणी वर्षाचं धान्य भरायचे, पण आधी ते कडक उन्हात वाळवून, कडधान्याला एरंडेल चोळून. आम्ही भरणं चालू ठेवलं आणि वाळवणं सोडलं. आता एका जिनसाचा एकच डबा, नवी पिशवी जुनी संपल्यावर फोडायची आणि महिन्याची यादी डबे उघडून करायची. एकावर एक फुकट मिळतंय म्हणून काही घरात येत नाही.

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. आवराआवर सुरू झाली की डबे, खण, बास्केटा, कप्प्यांच्या पिशव्या विकत घ्याव्याशा वाटतात. सामान कमी करण्यासाठी सामान आणणं हा उद्योग आम्ही टाळला. जे उरलं ते मिठाईच्या डब्यांत आणि जुन्या बरण्यांत बसलं.

वन बीएचके घेतलं. सामान एका मध्यम टेम्पोत गेलं. बिल्डरचं भाडं आणि आमचं भाडं यांतला फरक दरमहा सासूबाईंच्या खात्यात जमा होतो. भंगाराचे पैसे एकदाच आले, हे मात्र महिन्याच्या महिन्याला येतात.

तुमची इमारत पाडायला निघेपर्यंत थांबू नका. पुढचं कपाट घ्यायचं मनात आलं, की आधी घरातलं एक कपाट पूर्ण रिकामं करून पाहा. बहुतेक वेळा नवं घ्यावं लागत नाही.