बेटावरचा पुढारी

बेटावरच्या पुढाऱ्याला लपायला जागा नसते. राजधानीतला मंत्री बंगल्याच्या फाटकाआड जातो, स्वीय सहायकाच्या मागे दडतो, 'साहेब बैठकीत आहेत' असं सांगायला माणूस ठेवतो. बेटावर ही सोय नाही. तिथे एकच धक्का, एकच बाजार, एकच स्मशान. ज्याचं काम काल अडवलं, त्याच्याच खांद्याला खांदा लावून आज मयताला उभं राहावं लागतं.

पॅसिफिक महासागरात तुवालू नावाचा देश आहे. नऊ बेटं, सगळी मिळून २६ चौरस किलोमीटर जमीन, वस्ती अकरा हजारांच्या आसपास. संसदेत १६ सभासद आणि राजकीय पक्ष एकही नाही. मत द्यायचं ते माणसाला. तिथले तेव्हाचे परराष्ट्रमंत्री सायमन कोफे २०२१ साली सूट-टाय घालून गुडघाभर समुद्रात उभे राहिले आणि तिथूनच त्यांनी ग्लासगोच्या हवामान परिषदेसाठी भाषण केलं. ते चित्र जगभर गेलं. पुढे जानेवारी २०२४ च्या निवडणुकीत पंतप्रधान कौसिया नटानो आपल्याच फुनाफुटीत हरले, कोफे मात्र तिथूनच निवडून आले. अख्खा देश चालवणारा माणूस घरच्या लोकांनी घरी बसवला!

याचं मला फार नवल वाटलं नाही. मी वसईचा.

वसई तशी बेटच. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर. जुन्या काळी सोपाऱ्याच्या खाडीने वसईला मुख्य भूमीपासून खरोखर तोडलेलं होतं. पोर्तुगीज इथे दोनशे वर्षं टिकले आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, तेव्हाही मुक्काम पाण्याच्या हिशेबानेच पडत होते. त्या पाण्याच्या आत केळीच्या वाड्या, पानवेली, राजेळीची सुकेळी आणि वाडीवाडीला एक बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. वाडवळ, सामवेदी, कुपारी, कोळी, आगरी, भंडारी, डोंगराकडे वारली आणि कातकरी, बोलीही निरनिराळ्या. पण कोण कुणाचा, हे सगळ्यांना ठाऊक.

खरंखुरं बेटही आमच्याकडे आहे. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून होडीत बसलं की समोर मराठ्यांचा किल्ला आणि त्याच्या आसऱ्याने वसलेलं कोळ्यांचं गाव. 'अर्नाळा किल्ला' या नावाची तिथे स्वतंत्र ग्रामपंचायत आहे. म्हणजे त्या एवढ्याशा जमिनीलाही सरपंच आहे, सदस्य आहेत, निवडणूक आहे, रुसवेफुगवे आहेत. लाटा किनारा खातात, घरांच्या पायाशी येतात आणि गाव धूपप्रतिबंधक बंधाऱ्यासाठी अर्ज करत राहतं. कोफे यांनी पाण्यात उभं राहून जगाकडे जे मागितलं, तेच अर्नाळा किल्ल्याचा सरपंच सरकारी कचेरीत रांगेत उभा राहून मागतो. त्याचं चित्र जगभर जात नाही, एवढाच फरक.

वसईच्या राजकारणाची चालही अशीच बेटावरची. आधीचं पर्व वर्तकांचं. अण्णासाहेब वर्तक जुन्या मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात मंत्री होते. त्यांचे चिरंजीव भाऊसाहेब पुढे महाराष्ट्राचे मंत्री झाले आणि १९८० मध्ये त्याच घराण्यातल्या ताराबाई आमदार. १९८५ मध्ये जनता पक्षाचे डॉमिनिक घोन्सालविस निवडून आले. मग १९९० मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर हितेंद्र ठाकूर नावाचा तिशीच्या आतला तरुण विधानसभेत गेला आणि वसईच्या राजकारणाचं नवं पर्व सुरू झालं.

लोक त्यांना 'अप्पा' म्हणतात. सहा वेळा आमदार. आधी काँग्रेस, मग अपक्ष, पुढे स्वतःची बहुजन विकास आघाडी. शिट्टी हे तिचं ओळखीचं चिन्ह. २००९ मध्ये तिचे बळीराम जाधव पालघरचे खासदार झाले, २०१४ आणि २०१९ मध्ये वसई, नालासोपारा, बोईसर असे तीन आमदार निवडून आले. वैतरणेपलीकडे थोडी, भाईंदरच्या पुलापलीकडे जवळजवळ नाहीच, अशी ही आघाडी. पण जून २०२२ च्या राज्यसभा निवडणुकीत तीन मतांचा भाव वधारला, तेव्हा मुंबईतले मातब्बर ठाकुरांच्या विरारच्या वाटेला लागले. एरवी बेटावरचा माणूस अर्ज घेऊन मुंबईला जातो. त्या आठवड्यात मुंबईच विरारला आली, आणि आमच्याकडच्या ठाकूर-विरोधकांनाही मनातून थोडं बरं वाटलं. बेटाचा अभिमान पक्ष पाहत नाही.

या राजकारणाचा जीव होता पाण्यात. ऐंशीच्या दशकापासून इमारती उठल्या आणि हिरव्या पट्ट्यातल्या विहिरी उपसून टँकर धावू लागले. विहिरींना खारं पाणी लागलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हाकेवर गावंच्या गावं 'हरित वसई'साठी रस्त्यावर आली. दुसरीकडे नव्या इमारतींतल्या बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या. सूर्या धरणाचं पाणी आलं, ते कुणी आणलं यावर कितीतरी निवडणुका लढल्या गेल्या. बेटावर सत्ता कुणाची, हे अखेर गोडं पाणी ठरवतं.

पण या जवळिकीची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय गोष्ट खरी होत नाही. बेटावर पुढाऱ्याला लपायला जागा नसते, तशी मतदारालाही नसते. कोण कुणाच्या सभेला गेलं, कुणाच्या अंगणात खुर्च्या मांडल्या, कुणी लग्नपत्रिका दिली नाही, सगळं दिसतं. पोराचा कॉलेजप्रवेश, नळजोडणी, घराची दुरुस्ती, सगळ्याच गाठी एका हातात आल्या की आपुलकी कुठे संपते आणि धाक कुठे सुरू होतो, हे सांगणं अवघड. श्रमजीवी संघटनेचे विवेक पंडित २००९ मध्ये वसईतून अपक्ष निवडून आले, तेव्हा दहशतीपासून मुक्ती हाच त्यांच्या प्रचाराचा सूर होता. ठाकुरांच्या माणसांना तो आरोप कधीच मान्य नव्हता. त्याच वर्षी वसई-विरार महानगरपालिका झाली आणि २९ गावं वगळण्याचा लढा पेटला. गावं म्हणत होती, आम्हाला आमची ग्रामपंचायत राहू द्या. म्हणजे, आम्हाला आमच्या छोट्या बेटावर राहू द्या. तो तंटा कितीतरी वर्षं कोर्टकचेऱ्यांत फिरत राहिला.

दरम्यान बेट भरून गेलं. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची वस्ती १२,२२,३९०. पालिकेत ११५ नगरसेवकांच्या जागा, तुवालूच्या संसदेच्या सातपट! विरार लोकलने सकाळी जाऊन रात्री परतणाऱ्या माणसाला वर्तक कोण, ठाकूर कोण, अमक्याच्या आजोबांनी कुणाला जमीन दिली, यांतलं काही माहीत नसतं. त्याने माहीत करून घ्यावं असंही नाही. त्याला सकाळी पाणी हवं, संध्याकाळी खड्डे नसलेला रस्ता हवा. २०२४ च्या नोव्हेंबरात ठाकूर वसईत हरले. जिंकल्या त्या भाजपच्या स्नेहा दुबे-पंडित, विवेक पंडितांच्या कन्या. म्हणजे बेट बुडालं म्हणावं, तर नातीगोती अजून पाण्यावर आहेतच. या निकालाला कुणाचा शेवट म्हणायची घाई मी करणार नाही. इथली भरती-ओहोटी पाहतच आम्ही मोठे झालो आहोत.

मला त्या जुन्या बेटाची ओढ आहे, पण ते जसंच्या तसं परत नको. शहराने मतदाराला आडोसा दिला, ही मोठी गोष्ट झाली. बाराव्या मजल्यावरच्या माणसाने शिट्टीला मत दिलं की कमळाला, हे शेजाऱ्यालाही कळत नाही, कळू नये. वाईट एवढंच झालं, की तोच आडोसा पुढाऱ्यालाही मिळाला. त्याचा चेहरा फलकावर हातभर मोठा दिसतो आणि माणूस कुठेच दिसत नाही.

आडोसा मतदाराचा हक्क आहे, पुढाऱ्याचा नाही. म्हणून वसई-विरारमध्ये नव्याने राहायला आलेल्यांना माझं एक सांगणं आहे. आपल्या नगरसेवकाचं घर कुठे आहे ते शोधून ठेवा आणि काही काम नसताना एकदा जाऊन या. तो तुम्हाला ओळखत नसला तरी चालेल. तुम्ही त्याचं दार ओळखता, हे त्याला कळलं पाहिजे.